जुनी लेन्स आणि अंतराचा धडा

आपल्या शाळेच्या विज्ञान-कक्षातील लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, एक स्टीलचा डबा आहे. भोजनालयातून चुकून इकडे आलेला डबा असावा, असेच नव्या माणसास वाटते. आत ओल शोषून घेणाऱ्या खड्यांच्या चार पुरचुंड्या आहेत आणि जुन्या उपरण्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक टेलिफोटो लेन्स आहे. शाळेच्या कितीतरी तुकड्यांनी पक्षी पाहिले ते या लेन्समधून. आम्हीही त्यांतलेच.

माजी विद्यार्थ्यांच्या गेल्या बैठकीत एक चांगली सूचना पुढे आली. सर्वांनी वर्गणी काढून शाळेस नवा डिजिटल कॅमेरा आणि ६०० मिलीमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स भेट द्यावी, अशी ती सूचना होती. ती आम्हांस मान्य आहे आणि आमचा वाटाही आम्ही देणार आहोत. मात्र त्याच बैठकीत कोणी सहज म्हणाले, "मग ते जुने धूड भंगारात काढता येईल." त्या वाक्यावर आमचे मत नोंदवावे, यासाठी या स्मरणिकेची ही पाने आम्ही मागून घेतली आहेत. जुनी लेन्स राहावी असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण जुन्या वस्तूंविषयीची माया एवढेच नाही.

ही लेन्स सोव्हिएत बनावटीची. ३०० मिलीमीटर, छिद्र ४.५, ४२ मिलीमीटरच्या आट्यांची, वजन दीड किलोच्या आसपास. 'टायर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातली. याच घराण्याची लेन्स 'फोटोस्नायपर' नावाच्या संचात बंदुकीसारख्या दस्त्यावर बसवलेली असे आणि घोडा ओढला की फोटो निघे. आमच्या सुदैवाने शाळेकडे तो दस्ता आला नाही. अकलूजमधील एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी दुकान आवरताना झेनिट कॅमेरा आणि ही लेन्स आमच्या विज्ञानाच्या सरांकडे सुपूर्द केली, तेव्हा आम्ही आठवीत होतो.

तिचे दोष पहिल्याच आठवड्यात कळले. आतल्या एका काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होते. फोकसच्या कड्यातले वंगण आटल्याने डिसेंबरच्या पहाटे ते कडे दोन्ही हातांनी फिरवावे लागे. सूर्य समोर असला की सारे चित्र ताक ओतल्यासारखे फिके पडे. फोटोच्या मध्यभागी पिसे मोजता येत, कडेला मात्र बाभळीची पाने आणि पाणी एकच होऊन जाई. शिवाय उजळ आकाशापुढे बगळा टिपला की त्याच्या कडेने एक जांभळी किनार उमटे. प्रकाशातील निरनिराळे रंग अशा लेन्समधून नेमके एकाच ठिकाणी एकवटत नाहीत, म्हणून ही किनार दिसते, असे सरांनी फळ्यावर आकृती काढून समजावले होते. प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा परीक्षेपुरता पाठ न राहता आम्हांस कळला, तो त्या बगळ्यामुळे.

ते फिल्मचे दिवस होते. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि एका सत्राला एकच रोल. आम्ही सहा जण होतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सहा फोटो. सहामाहीत सहा वेळा बोट दाबायचे. रोल धुऊन येईपर्यंत काय उमटले हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिवई नसल्याने सरांनी खाकी कापडाची एक उशी शिवून घेतली. भोजनालयातील मावशींनी तीत कोठीतील ज्वारी भरून दिली, ती सत्र संपताच परत करण्याच्या अटीवर. नदीकाठच्या दगडावर ती उशी ठेवायची आणि उशीत लेन्स रुतवायची. एवढी लांब लेन्स स्थिर धरायची तर शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाजवळ लागतो. पहाटेच्या उजेडात तो मिळत नसे, आणि मग त्या ज्वारीचाच आधार असे.

सहाच फोटो हाती असलेल्या मुलाला उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवणे परवडत नाही. त्याला पक्षी कोठे येणार हे आधी ठाऊक असावे लागते. वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेतल्या हवेत माशी पकडतो आणि पुन्हा बहुधा त्याच तारेवर येऊन बसतो. म्हणून फोकस तारेवर लावून ठेवायचा आणि थांबायचे. कवड्या खंड्या सूर मारण्यापूर्वी पाण्यावर एके ठिकाणी पंख फडफडवत तरंगतो. कडे फिरवायला तेवढेच क्षण मिळतात. ढोकरी काठावर मातीच्या ढेकळासारखी बसलेली असते, ती उडाली की पांढरे पंख उघडतात आणि तेव्हाच कळते की इतका वेळ ती तेथे होती. नांगरामागे गायबगळे चालतात, कारण नांगराने उलथलेल्या मातीतून किडे वर येतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात. शेतकरी त्यांना हाकलतो, पण त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात. यांतले काहीही आम्ही ठरवून शिकलो नाही. फोटो वाया जाऊ नये या धास्तीने शिकलो.

सरांनी आणखी एक नियम केला होता. ज्या पक्ष्याचे नाव आणि निदान एक सवय वहीत लिहिलेली नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. त्यामुळे कॅमेऱ्याआधी वही भरू लागली. नावांसाठी ग्रंथालयात मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' होता. चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे. १९३२ साली तेथे जन्मले, आयुष्यभर रानात हिंडून २०२५ मध्ये तेथेच विसावले, आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. कपाळावर पांढरा टिळा लावल्यागत दिसणाऱ्या काळ्या पाणपक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात, हे पंढरीच्या वाटेवरल्या आम्हां मुलांना पुस्तकातून कळावे, याची तेव्हा थोडी लाज वाटली होती. नाव कळले त्या दिवसापासून तो पक्षी आमचा झाला.

फोटो अंधूक येत, म्हणून नोंदी नेमक्या कराव्या लागल्या. धूसर छायाचित्रातला पांढरा पक्षी कोणता, हे ठरवायचे कसे? चोच काळी, पाय काळे आणि पावले पिवळी असली तर लहान बगळा. चोच पिवळी, मान आखूड आणि जवळ गुरे असली तर गायबगळा. पाऊल चिखलात असेल तर त्याचा रंग फोटोत दिसत नाही, तो डोळ्यांनी पाहून तेथेच लिहावा लागतो. अशा तऱ्हेने फोटो हा नोंदीचा पुरावा झाला, नोंदीची जागा त्याने घेतली नाही. आज त्या सात वह्या शाळेत आहेत. नीरेच्या त्या काठावर कोणत्या महिन्यात कोण दिसत असे, याचे त्यांहून जुने लेखी टिपण आमच्या माहितीत नाही.

येथे एका आक्षेपास उत्तर देणे भाग आहे. बैठकीत एका भगिनींनी तो मनापासून मांडला आणि तो आम्हांस रास्त वाटला. त्या म्हणाल्या, "आपल्या मुलांनीच नेहमी जुन्यावर का भागवायचे? जुनी पुस्तके, जुने गणवेश, जुना कॅमेरा, आणि वर त्यातून संस्कार होतात असे ऐकायचे. ज्यांच्या घरी सारे नवे आहे त्यांना हे कोणी सांगत नाही." हे खरे आहे. ऊसतोडीच्या फडावरून, वीटभट्टीवरून आलेल्या मुलांना अभावाचे माहात्म्य ऐकवण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि ते माहात्म्य आम्हांस गायचे नाही. बुरशी लागलेली काच ही बुरशी लागलेलीच काच असते. उत्तम साधन मिळणे हा आपल्या मुलांचा हक्क आहे, म्हणूनच नव्या लेन्सला आमचा पाठिंबा आहे.

या संदर्भात मद्रासच्या एम. कृष्णन यांची आठवण होते. १९१२ मध्ये जन्मलेला हा निसर्गलेखक १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'स्टेट्समन' या दैनिकात स्तंभ लिहीत राहिला. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून त्यांनी एक अवजड यंत्र घडवले होते आणि थट्टेने त्यास 'सुपर पॉन्डेरोसा' असे नाव दिले होते. त्यावर काढलेली त्यांची कृष्णधवल छायाचित्रे आजही अभ्यासली जातात. पण कृष्णन यांची थोरवी त्या जोडलेल्या यंत्रात नव्हती. समोरचा प्राणी काय करतो आहे हे त्यांना ठाऊक असे, त्यात होती. यंत्र त्यांनी निवडलेले होते. आपल्या मुलांनाही निवडता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्यापुढे दोन्ही लेन्स असल्या पाहिजेत.

आता जी गोष्ट आम्ही आजवर शाळेत कोणास सांगितली नाही, ती सांगतो. जुन्या लेन्समुळे माणूस आपोआप सुजाण होतो असा समज या लेखामुळे होऊ नये, म्हणूनही ती सांगणे अवश्य आहे.

नववीचा एप्रिल महिना होता. नीरेचे पात्र आटले होते. उघड्या वाळूगोट्यांत टिटवीची चार अंडी आमच्यापैकी एकाला दिसली. गोट्यांच्याच रंगाची, टोके आत वळवून मांडलेली. लेन्सचा पल्ला अपुरा, म्हणून आम्ही जवळ गेलो. तरीही समाधान होईना, म्हणून आणखी जवळ गेलो, अगदी तीन-चार मीटरवर. आड येणारे वाळके गवत उपटून टाकले. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालीत होती, खोटेच पंख लटकवून आम्हांस दूर नेऊ पाहत होती. आम्हांस वाटले, सवय होईल तिला. दुपारी बारापर्यंत आम्ही तेथे होतो. अखेर ती क्षणभर अंड्यांवर येऊन बसली आणि तो फोटो मिळाला.

दुसऱ्या दिवशी तेथे अंडी नव्हती. वाळूत कावळ्यांच्या पावलांचे ठसे होते.

टिटवी उन्हाळ्यात अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी, हे आम्ही त्यानंतर वाचले. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांना गारवा देते. आम्ही तिला सकाळपासून दुपारपर्यंत दूर ठेवले होते, आणि गवत उपटून अंड्यांची जागा कावळ्याला उघडी करून दिली होती. सर रागावले नाहीत. त्यांनी वही पुढे केली आणि जे घडले ते तारीख-वेळेसह लिहावयास सांगितले. त्या लेन्सने काढलेल्या सर्व फोटोंत तोच सर्वांत स्पष्ट आहे. टिटवीच्या डोळ्याचे लाल कडेसुद्धा त्यात दिसते. तो आम्ही कधीही भिंतीवर लावला नाही.

जखमी हंसाची गोष्ट आपण सर्वांनी याच शाळेत ऐकली आहे. पक्षी बाण मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, असा तो प्रश्न होता. आम्ही कॅमेरेवाले स्वतःला सहजच वाचवणाऱ्यांत धरतो, कारण आमच्या हाती बाण नसतो. त्या एप्रिलनंतर आम्ही तसे धरीत नाही. कायदाही धरीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते.

हा मोह आमचाच होता असे नाही. पक्षी-छायाचित्रणाचा इतिहास त्या मोहाशी झगडण्याचाच आहे. इंग्लंडमधील केअर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र काढले. पुढे पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी पोकळ बैल बनवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दडण्याचा खटाटोप केला. एरिक हॉस्किंग या छायाचित्रकाराने १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याशी जाताना एक डोळा गमावला. घुबड आपल्या पिलांचे रक्षण करीत होते. आपल्याकडे सलीम अलींची वाटचाल तर बंदुकीपासून सुरू झाली. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि त्या प्रश्नातून एक पक्षिशास्त्रज्ञ घडला. चूक घडली ती घडलीच, पण तिच्यापाठी प्रश्न आला. आमच्या वाट्यास टिटवी आली, आणि आमचाही प्रश्न तेथूनच सुरू झाला.

मराठीत 'टिपणे' हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकार क्षण टिपतो, आणि विद्यार्थी माहिती टिपून घेतो. कॅमेरा हाती आला की आपण यांतले कोणते टिपणे करतो आहोत, हे आपले आपणच ठरवावे लागते. ते लेन्स ठरवीत नाही.

हे म्हणण्यास सबळ कारण आहे. भीमेवरील उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. आज भिगवण, डिकसळ, कुंभारगाव येथे हिवाळ्यात गाड्यांची रीघ लागते. आम्हीही दरवर्षी जातो. तेथे येणाऱ्या लेन्स आमच्या लेन्सच्या दुप्पट लांबीच्या असतात. म्हणजे पाहुण्यांनी आमच्या दुप्पट अंतरावर थांबायला हवे. प्रत्यक्षात आम्ही अनेकदा उलटे पाहिले आहे. नावाडी इंजीन बंद करून बांबूने होडी हळूहळू ढकलत नेत असतो, आणि होडीतलेच कोणी म्हणते, "अजून थोडे पुढे घ्या, उडाले की मस्त फोटो येईल." नावाड्याचे पोट त्या फेरीवर असते, त्याला दोष कसा द्यावा? रोहित हे चोच उलटी धरून पाण्यातून बारीक जीव गाळून खाणारे पक्षी, दिवसाचा मोठा भाग खाण्यातच घालवणारे. त्यांना उडण्यासाठी पाण्यावर धावत जावे लागते. एका होडीमागून दुसरी होडी आली की ते खाणे सोडून तेवढेच करीत राहतात. लेन्स लांब झाली, पण माणसाला जितके जवळ जायचे होते तितके तो गेलाच.

याच्या उलट चित्र इंदापुरास दिसते. तेथील तहसील कचेरीच्या आवारातील जुन्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली अर्जांच्या रांगा, मुद्रांकविक्रेते, गाड्या, अखंड वर्दळ, आणि वर पिलांना भरवणे चाललेले. माणूस इतक्या जवळ असूनही ते पक्षी टिकले आहेत, कारण खालचा माणूस आपल्या कामात असतो, त्यांच्या मागे नसतो. अंतर केवळ मीटरमध्ये मोजायचे नसते. आपल्यामुळे पक्ष्याचे चाललेले काम थांबले, तर आपण फार जवळ गेलो, एवढे माप पुरेसे आहे.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. नवा कॅमेरा आणि नवी लेन्स अवश्य यावी, आणि ती कुलपात न राहता मुलांच्या हाती जावी. पण पक्षी-निरीक्षणास येणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिले सत्र जुन्या लेन्सवर काढावे. आता तिला जोडकडी लावून वापरलेला एक डिजिटल कॅमेरा बसवलेला आहे, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. तरीही सत्रास प्रत्येकी सहाच फोटो, ही मर्यादा पाळावी. तिने मूल थांबायला शिकते. वही आधी, फोटो नंतर, हा सरांचा नियम नव्या कॅमेऱ्यासही लागू असावा. घरट्याचा फोटो काढू नये, आणि जो पक्षी आपल्यामुळे उडाला त्याचा फोटो, तो कितीही देखणा आला तरी, शाळेच्या भिंतीवर लागू नये. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात शाळेने प्रदर्शन भरवावे ते फोटोंबरोबर वह्यांचेही.

वर्गणीबरोबर आम्ही आणखी दोन गोष्टी शाळेकडे देत आहोत. एक म्हणजे जुन्या लेन्सच्या साफसफाईचा खर्च. आतील बुरशी काढून कड्यास नवे वंगण भरून देणारा एक कारागीर आम्हांस सापडला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे टिटवीचा तो फोटो. तो भिंतीवर नको. वहीच्या त्या तारखेच्या पानावर, आमच्या तेव्हाच्या वेड्यावाकड्या अक्षरांशेजारी, तो चिकटवावा. नवी लेन्स ज्या मुलाच्या हाती प्रथम पडेल, त्याला आधी ते पान वाचावयास द्यावे.